रुमाल दाखव

चेन्नईत खोली शोधणाऱ्या परप्रांतीय पोराला घरमालक काय काय विचारतात, याची मला आठवडाभरात चांगलीच सवय झाली होती. लग्न झालंय का, अंडी खाता का, मित्र किती आहेत, त्यांतले मुक्कामाला येणारे किती. मैलापुरात देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत मात्र वेगळाच प्रकार घडला. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेल्या एका काटक म्हाताऱ्याने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कनवटीचा पांढराशुभ्र रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि चक्क मराठीत म्हणाला, "नाक शिंकर."

मी शिंकरलं. दुसरं काय करणार? दोन बॅगा घेऊन उन्हात उभा होतो आणि दलालाच्या यादीतलं हे शेवटचं घर होतं. म्हाताऱ्याने रुमाल परत घेतला, चश्मा कपाळावर सरकवला आणि सोनार नग बघतो तसा तो रुमाल उजेडाकडे धरून बघितला.

"गिंडीकडून आलास की?"

"हो."

"ऑटोंत. पुढें लॉरी होती."

"होती."

"बरें. नाकांतले केस कामाचे आहेत. वरची खोली तुझी."

पुढची सहा वर्षं मी त्या खोलीत काढली.

त्यांना सगळी गल्ली 'तूसी डॉक्टर' म्हणायची. तूसी म्हणजे तमिळमध्ये धूळ. ते खरोखरीचे डॉक्टर होते, पण त्यांनी दवाखाना कधी थाटला नव्हता. सगळी नोकरी कारखान्यांत गेली. आधी ओतकामाची फौंड्री, मग बॅटऱ्यांचा कारखाना. तिथे कामगारांच्या छातीत, रक्तात आणि हाडांत काय काय साचतं ते बघणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, बघणं सुटलं नाही. घर तंजावरकडच्या मराठ्यांचं. पिढ्यान् पिढ्या तिकडे राहिलेली ती माणसं जे मराठी बोलतात ते ऐकून मला पहिले काही दिवस आपण एखाद्या जुन्या बखरीत भाड्याने राहतोय असं वाटायचं. त्यांना माझं मराठी ऐकून काय वाटायचं ते त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं. "तुमचें मराठी हिंदीनें बाटवलेलें. आमचें तमिळानें. पण आमचें जरा सोवळें."

मी त्यांना काका म्हणालो तेव्हा ते दचकले. "काका म्हणूं नक्को रे, तंबी. इथें काक्का म्हणजे कावळा. गल्लींतलीं पोरें हसतील." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तेव्हापासून मीही त्यांना डॉक्टर म्हणू लागलो, आणि त्यांच्या बायकोला सगळ्यांसारखा मामी.

घराचा नियम एकच होता. संध्याकाळी घरी आलं की दारातल्या ओट्यावर, त्याला तिकडे तिण्णै म्हणतात, डॉक्टर बसलेले असायचे. त्यांच्यापुढे उभं राहून पांढऱ्या रुमालात नाक शिंकरायचं आणि रुमाल दाखवायचा. रंगीत रुमाल चालत नसे. त्यात धूळ लपते, आणि लपवणारा भाडेकरू त्यांना नको होता. ओरगडमच्या कंपनीच्या बसने मी यायचो तेव्हा माझा रुमाल काळपट निघायचा. शेजारच्या खोलीत सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत जाणारा एक मुलगा राहायचा, त्याचा राखाडी. एकदा त्याने ऑफिसातून आल्यासारखा चेहरा करून रुमाल दाखवला. डॉक्टर म्हणाले, "इतका स्वच्छ? आज सिनेमा पाहिलास." पोरगं तिथल्या तिथे कबूल झालं. आईबापांसमोर सुद्धा मी इतका उघडा पडलो नसेन, असं तो नंतर मला वर येऊन म्हणाला.

मला सुरुवातीला या सगळ्याचा भयंकर राग यायचा. मी इंजिनिअर माणूस, कंपनीत माझ्या हाताखाली माणसं, आणि इथे रोज संध्याकाळी बालवाडीतल्यासारखं नाक दाखवायचं! पण डॉक्टर रुमाल बघून झाला की दिवसाचा निकाल सांगायचे, आणि तो ऐकायची मला हळूहळू चटक लागली.

"भिऊं नक्को," ते म्हणायचे. "काळें दिसतें तें बरें. जें रुमालांत आलें तें आंत गेलें नाहीं. नाक हा वॉचमन. जाड धूळ तो दारांतच अडवतो. त्याला चुकवून कोण आंत शिरला, तर श्वासनळींत झाडूवाले आहेत. डोळ्यास दिसूं नयेत इतके बारीक केस. आपण निजलों तरी ते वरच्या बाजूस झाडत असतात. झाडत झाडत कचरा घशाशीं आणतात, आपण गिळतों, काम झालें."

"आणि त्यांनाही चुकवलं तर?"

"तर शेवटची खोली. बारीक बारीक फुगे. तिथें झाडूवाले नाहींत. तिथें खाणारे आहेत. जें येईल तें गिळतात. जें विरघळतें तें रक्तांत जातें. जें विरघळत नाहीं तें खाणाऱ्यांच्या पोटांत तसेंच पडून राहतें, वर्षेंच्या वर्षें. धूर तिथें जातो, तंबी. जो दिसत नाहीं तोच तिथें जातो."

घरमालक असल्यामुळे असेल, धातूंची वर्गवारी त्यांनी आपल्या अनुभवाने लावली होती. जस्त म्हणजे पाहुणा. आला की एक दिवस घर डोक्यावर घेतो, दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून चालता होतो. शिसं म्हणजे भाडेकरू. आधी रक्ताच्या ओसरीवर बसतं, मग हळूच हाडांत बिऱ्हाड थाटतं, आणि कोर्टात गेलात तरी अर्धं आयुष्य निघत नाही. कॅडमियम म्हणजे घरजावई. तो मूत्रपिंडात जाऊन बसला की त्याचा विषयच काढायचा नाही. सिरुसेरीवाला मुलगा तीन महिन्यांत नोकरी बदलून बंगलोरला गेला, तेव्हा त्याला निरोप देताना डॉक्टर मामींना म्हणाले, "जस्त होतें, गेलें." त्यानंतर ते माझ्याकडे काही क्षण विचारपूर्वक बघत राहिले. मी कोणता धातू ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मामींचं सगळं स्वयंपाकघर डॉक्टरांच्या शास्त्राखाली भरडलं जायचं. फोडणीच्या आधी पंखा लावायचा, उदबत्ती अंगणात लावायची, देवाला कापूर दाखवायचा पण खिडकी उघडून. पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीच्या पहाटे, चेन्नईत जुनंपानं रस्त्यावर आणून जाळतात. चटया, टोपल्या, आणि हल्ली टायरसुद्धा. आमच्याकडे भोगीला तिळाची भाकरी आणि मिसळीची भाजी असते. डॉक्टरांकडे भोगीला घराच्या सगळ्या खिडक्यांना ओल्या वेष्ट्या टांगलेल्या असायच्या. मामी म्हणायच्या, "सणाच्या दिवशीं घर धोब्याचें दिसतें हो! कोण लक्ष्मी येईल आंत?" डॉक्टर म्हणायचे, "लक्ष्मी येईल. टायर येणार नाहीं."

पण खरी करमणूक मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. मैलापुरातल्या सभांमधून, म्हणजे तिथल्या संगीतमंडळांतून, रोज गाणं असतं आणि डॉक्टर ते चुकवत नसत. लोक राग ऐकायचे, हे श्वास ऐकायचे. एकदा मला ते सोबत घेऊन गेले होते. एक बुजुर्ग गायक ऐन रंगात आले होते, आलाप वर चढत होता, आणि मध्येच त्यांना ठसका लागला. सगळी सभा स्तब्ध झाली. त्या शांततेत आमचे डॉक्टर पुढच्या रांगेतून मोठ्याने म्हणाले, "भले! झाडूवाले जागे आहेत!" मराठीत म्हणाले हे नशीब. गायकाने त्याला दाद समजून मान लवून नमस्कार केला, आणि मी मान खाली घालून बसून राहिलो.

असा हा माणूस. यात नुसतीच गंमत असती तर मी एवढं लिहिलं नसतं. पण मग सेल्वमचा मामला आला.

सेल्वम हा आमच्या कंपनीत कंत्राटावरचा वेल्डर. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये सुटे भाग वाहायच्या ट्रॉल्या बनायच्या, ते काम माझ्याकडे होतं आणि तिथला एकमेव वेल्डर हा. चाळिशीचा, गप्प, आणि हातात अशी सफाई की त्याचा जोड शिवणीसारखा एकसारखा यायचा. पूर्वी तो पीत असे, हे सगळ्यांना माहीत होतं. सोडली होती, हेही तो सांगत असे, पण ते कोण ऐकतो? त्यात पावसाळ्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. दर सोमवारी दुपारनंतर सेल्वम थरथरायला लागायचा. डोकं दुखायचं, तोंडाला कोरड पडायची, बाटल्या बाटल्या पाणी प्यायचा. संध्याकाळी ताप. मंगळवारी दांडी. बुधवारपासून शनिवारपर्यंत गडी ठणठणीत. पुन्हा रविवार, पुन्हा सोमवार.

आमचे एचआर मॅनेजर हे कोइंबतूरकडचे टापटीप गृहस्थ. त्यांनी निदान करून टाकलं होतं. "रविवारची उतरलेली नसते. आणखी काय?" दोनदा ताकीद झाली. तिसऱ्यांदा असा दिसला तर गेटपास जमा, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. त्याहून वाईट म्हणजे सेल्वमच्या बायकोलाही तेच वाटत होतं. एकदा मी त्याला घरी सोडायला गेलो होतो. तिने दारातच त्याची हनुवटी धरून तोंड हुंगलं. वास नव्हता. तरी ती तशीच आत निघून गेली. सेल्वम मला तमिळमध्ये म्हणाला, "नोकरी गेली तर दुसरी मिळेल, सार. ही आईकडे निघून जाईन म्हणते." त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिण्णैवर रुमाल दाखवून झाल्यावर मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. सहज, मनावरचं ओझं उतरवायला म्हणून. कॉफी निववायला त्यांनी पेला उंच धरला होता, तो हात तसाच थांबला.

"पाणी गोड लागतें म्हणतो की?"

मी चमकलो. सेल्वम खरंच म्हणाला होता, सोमवारी पाण्याला गोडसर, पैशाचं नाणं चोखल्यासारखी चव येते.

"ट्रॉलीचा पाइप काळा की चकचकीत?"

"आधी काळा होता. गंजतो म्हणून पावसाळ्यापासून जस्ताचा मुलामा दिलेला घेतोय."

"धूर ओढायला पंखा?"

"शेड उघडी आहे, म्हणून नाही दिला."

डॉक्टरांनी कॉफी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी गुडघ्यांवर टाळी वाजवली. "पाहुणा!" ते आत ओरडले. "अगो, पाहुणा आला आहे!"

मामी बिचाऱ्या पदर सावरत पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि कोणीच नाही हे बघून माझ्याकडे हताशपणे पाहत आत गेल्या.

मग त्यांनी मला समजावलं. मुलामा दिलेला पाइप जोडताना जस्ताचा पांढरा धूर होतो, तो थेट शेवटच्या खोलीत पोहोचतो. तिथले खाणारे खवळतात आणि सगळ्या शरीराला ताप भरतो. एक दिवस धिंगाणा, की जस्त विरघळून निघून जातं. मंगळवारी आराम पडून बुधवारी पुन्हा धूर आत गेला तरी अंगाला त्याची थोडीशी सवय राहिलेली असते, म्हणून ताप येत नाही. रविवारी सुट्टी मिळाली की शरीर ती सवय विसरतं. "सोमवारचा ज्वर हा. जुना आजार. सुट्टी मिळते म्हणून होणारा."

मी दुसऱ्या दिवशी धावत मॅनेजरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, मुलाम्याचा पाइप सगळं जग जोडतं, आणि आपण वेल्डरांना रोज गूळ आणि केळं देतो की! गुळाने छाती साफ होते, हे त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं ज्ञान होतं. मी घरी येऊन डॉक्टरांना म्हणालो, "जाऊ दे, मी येत्या सोमवारी सेल्वमला चांगला मास्क देतो. तापच येणार नाही."

"देऊं नक्को," ते म्हणाले. "मग म्हणतील, भिऊन ह्या रविवारीं प्याला नाहीं. माणूस वाचेल, नांव वाचणार नाहीं. त्याच्या बायकोला काय दाखवशील?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी विचारलं, कंपनीला एखादा रिपोर्ट लिहून देता का? डॉक्टरांनी चश्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "बॅटरीच्या कारखान्यांत शिशाचे रिपोर्ट मी लिहिलों. सुरेख लिहिलों. साहेबांनीं आभार मानले, फाइलींत लावले. माणसांचीं मनगटें लोंबायला लागलीं तरी रिपोर्ट फाइलींतच होते. आतां रिपोर्ट नक्को."

योगायोगाने कंपनीचा सेफ्टी वीक सोमवारी सुरू होणार होता आणि ठरलेले पाहुणे ऐनवेळी आजारी पडले होते. मी डॉक्टरांचं नाव सुचवलं. फुकट येणारा, एमबीबीएस, म्हातारा आणि धोतरातला वक्ता म्हटल्यावर मॅनेजर खूश झाले. सोमवारी सकाळी डॉक्टर माझ्याबरोबर कंपनीच्या बसने आले. हॉलमध्ये त्यांना जरीकाठाची शाल पांघरून सत्कार केला. भाषण झकास झालं. सुरुवातीलाच त्यांनी पहिल्या रांगेतल्या साहेबांना पांढरे रुमाल वाटून नाकं शिंकरायला लावलं, त्यामुळे मागच्या रांगांतले कामगार शेवटपर्यंत जागे होते. गुळावर ते तमिळमध्ये एवढंच म्हणाले, "गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात. दोन घरं, दोन दारं. ह्या घरची केरसुणी त्या घरात कशी पोचेल? गूळ खा, गोड असतो. पण मास्क घालून मग खा." मॅनेजर टाळ्या वाजवताना जरा कमी वाजवत होते.

भाषणानंतर नाश्ता होता आणि मग प्रमुख पाहुण्यांना गाडीने घरी सोडायचं होतं. गाडी आली. प्रमुख पाहुणे नव्हते.

बाथरूम बघितलं, कँटीन बघितलं, गेटवर फोन केला. तासाभराने मला वाईट शंका आली आणि मी मागच्या शेडकडे पळालो. सेल्वम ट्रॉलीचा पाइप जोडत होता. त्याच्या शेजारी रंगाच्या उपड्या डब्यावर, डोळ्यांवर वेल्डरचा काळा चश्मा आणि अंगावर सत्काराची शाल अशा थाटात डॉक्टर बसले होते. पांढऱ्या धुराच्या अगदी मुखाशी. मास्क नाही, रुमालसुद्धा नाही. ज्या माणसाने उदबत्तीला घराबाहेर काढलं होतं तो माणूस, दवाखान्यात वाफारा घेतात तसा, पुढे वाकून दीर्घ श्वास घेत होता.

"डॉक्टर!" मी किंचाळलो.

"ओरडूं नक्को. आंत जातें आहे."

मागून मॅनेजर धावत आले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सेफ्टी वीकचा पहिला दिवस, आणि प्रमुख पाहुण्यांनीच सेफ्टीचे सगळे नियम मोडलेले! त्यांनी विनवण्या केल्या, गाडी तयार आहे म्हणाले. डॉक्टर उठले ते थेट फर्स्ट एडच्या खोलीत गेले आणि तिथल्या खाटेवर बसून त्यांनी तमिळमध्ये जाहीर केलं, "मला ताप येईपर्यंत मी जाणार नाही."

"आणि नाही आला तर?" मॅनेजर म्हणाले.

"तर सेल्वमला काढा. आला तर मला सांगा, मी रविवारी कुठे प्यालो. सगळं मैलापूर तुम्हाला सांगेल मी काय पितो ते."

मी त्यांच्या कानाशी जाऊन मराठीत रागाने म्हणालो, या वयात हा काय खुळेपणा? ते हळूच म्हणाले, "जस्त आहे म्हणून बसलों रे. शिसें असतें तर गेटाच्या आंत पाऊल ठेवलों नसतों. आणि हें कुणी शिकूं नये हो, चांगली गोष्ट नाहीं. पण पाहुणा आहे, जाईल." माझा राग गेला आणि त्या जागी त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

चार वाजले. सेल्वमला नेहमीप्रमाणे हुडहुडी भरली आणि त्याला शेजारच्या खाटेवर आणून निजवलं. डॉक्टर ठणठणीत होते. मॅनेजर मनगटावरचं घड्याळ बघायला लागले. नर्सने थर्मामीटर लावला, काही नाही. आणि डॉक्टर? निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे ते दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावून बघत होते. साडेपाचच्या सुमाराला त्यांनी पाणी मागितलं. घोट घेतला, जिभेवर घोळवला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"गोड!" ते म्हणाले. "सेल्वम, गोड!"

पाच मिनिटांत त्यांचे दात वाजायला लागले. सत्काराची शाल त्यांनी गळ्यापर्यंत ओढून घेतली. नर्सने थर्मामीटर बघून डोळे मोठे केले. मॅनेजर कोपऱ्यातल्या खुर्चीवर हळूच बसले. शेजारी शेजारी दोन खाटा. एकीवर कंत्राटी वेल्डर, दुसरीवर जरीकाठातले प्रमुख पाहुणे, आणि दोघांची थरथर अगदी एका तालात!

तेवढ्यात दारात सेल्वमची बायको आली. प्यालेल्या माणसाला एकट्याला घरी सोडायचं नाही, घरच्यांना बोलवायचं, असा कंपनीचा नियम होता, आणि गेटवरच्या माणसाने नेहमीप्रमाणे तिला फोन केला होता. ती रागाने लाल होऊन आत शिरली, सवयीने नवऱ्याच्या हनुवटीला हात घातला, आणि मग तिची नजर शेजारच्या खाटेवर गेली.

"अम्मा," दात वाजवत डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले, "मलाही हुंगून बघा. आ…"

त्यांनी खरंच तोंड उघडलं. ती बाई गोंधळली, मॅनेजरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग, मला अजून विश्वास बसत नाही, तिने वाकून हुंगलं.

"कापी," ती म्हणाली.

कॉफीच्या त्या एका शब्दाने नर्स फुटली, मग मी, आणि शेवटी मॅनेजरसुद्धा हसायला लागले. डॉक्टरांनी कुडकुडत तिला सांगितलं, आज सकाळी मी तुझ्या नवऱ्याशेजारी बसलो, त्याने जो धूर घेतला तोच घेतला, दुसरं काही नाही. जे मला झालंय तेच त्याला दर सोमवारी होतं. ती ऐकत राहिली. मग नवऱ्याच्या खाटेच्या कडेला बसली, पदर तोंडाला लावला आणि रडली. सेल्वम तापातच तिचा हात थोपटत होता. आम्ही सगळे मग बाहेर व्हरांड्यात गेलो. मॅनेजरांनी तिथेच मला विचारलं, धूर ओढायची सोंड बसवायला किती दिवस लागतील?

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांना घरी नेलं तेव्हा मामींनी त्यांची जी हजेरी घेतली तिचं वर्णन मी करणार नाही. "म्हातारपणीं काय हें खूळ हो! धुरांत जाऊन बसतात की कोणी?" म्हणत त्यांनी मिरीचं गरम सार पाजलं. डॉक्टर सार पीत खुशीत हसत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला आणि त्यांनी ते मला फोनवर असं सांगितलं, जसा काही मुलगा परीक्षेत पहिला आला होता. "पाहुणा गेला रे!"

सेल्वम राहिला. ताकिदी मागे घेतल्या. शेडमध्ये सोंड आली, जोडण्याआधी मुलामा घासून काढायचा नियम झाला, मास्क आले. गूळही चालूच राहिला, मॅनेजरांच्या आजोबांचा मान म्हणून.

पुढे माझं लग्न झालं आणि मी तांबरमला राहायला गेलो. डॉक्टर अजून तिण्णैवर बसतात आणि नव्या भाडेकरूंची नाकं तपासतात. मी अधूनमधून जातो, रुमाल दाखवतो, कॉफी पितो. गेल्या खेपेला मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, मी कोणता धातू?" ते म्हणाले, "तूं गेलास कुठें? दर महिन्याला येतोस. शिसें."

या पोंगलच्या आठवड्यात मी मोटरसायकलवरून सेल्वमच्या घरी गेलो होतो. तो सकाळच्या पाळीवरून नुकताच परतत होता, आम्ही दोघे एकदमच दाराशी पोहोचलो. चपला काढणार तोच आतून त्याच्या बायकोचा आवाज आला.

"कर्चीफ काट्टु!"

रुमाल दाखव. सेल्वमने मुकाट्याने खिशातून पांढरा रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि दिला. तिने तो दारातल्या उजेडाकडे धरला, डोळे बारीक करून बघितलं. रुमाल पांढरा होता. तिने नवऱ्याकडे असं बघितलं की मीच लाजलो.

मग तिने माझ्यापुढे हात केला.

मी भर रस्त्याने लॉऱ्यांच्या मागून मास्कशिवाय आलो होतो. रुमाल काढावा की काढू नये असा विचार करत उभा राहिलो. शेवटी नाक शिंकरून दिला. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग मान हलवत म्हणाली, "डॉक्टरांना सांगू का?"